पंधरा मिनिटं लवकर : पी अँड ओ फेरीजचं प्रकरण

इंग्लंडमधलं डोव्हर ते फ्रान्समधलं कॅले हा इंग्लिश खाडीपारचा प्रवास फेरीबोटीला साधारण दीड तासाचा. प्रवाशाच्या मनात राहतो तो समुद्र, डोव्हरचे पांढरे कडे, डेकवरचा वारा. कंपनीच्या हिशेबात समुद्राला फारसं स्थान नाही. बोट एकदा पाण्यावर गेली की तिचा वेग, तिला लागणारं तेल, तिचा वेळ, सगळं जवळपास ठरलेलं असतं. ओढाताण करायला जागा उरते ती धक्क्यावर. बोट लागली, ट्रक-गाड्या उतरल्या, नव्या चढल्या, दोर सुटले, या मधल्या वेळावर दिवसात चार खेपा होणार की पाच, हे ठरतं. चार खेपांमध्ये कर्जाचा हप्ता, विमा आणि पगार निघतात. मालकाच्या हाती काही लागतं ते पाचवीत.

खर्चाची बाजू याहून अडचणीची. बोटीचं कर्ज बँकेच्या हातात, तेलाचा भाव बाजाराच्या, बंदराची पट्टी बंदराच्या हातात. कंपनीला स्वतःच्या मर्जीने कमी करता येईल असा एकच मोठा खर्च उरतो, तो म्हणजे माणसं. या मार्गावर बोटी चालवणाऱ्या पी अँड ओ फेरीज या कंपनीवर गेल्या चाळीस वर्षांत जी जी संकटं आली, त्यातल्या बहुतेकांना कंपनीने दिलेलं उत्तर याच दोन जागी सापडतं: धक्क्यावरची मिनिटं आणि बोटीवरची माणसं. एकदा त्यात 193 जीव गेले. एकदा 786 नोकऱ्या गेल्या. दोन्ही वेळा कायदा दारापर्यंत आला आणि परत गेला, पण परत जाण्याची कारणं अगदी उलटी होती. मला या प्रकरणात रस आहे तो त्यासाठी.

नाव आणि धंदा

पी अँड ओ म्हणजे ‘पेनिन्सुलर अँड ओरिएंटल’. यातलं पेनिन्सुला म्हणजे स्पेन-पोर्तुगालचा द्वीपकल्प. 1837 साली तिकडची टपाल वाहण्याचं कंत्राट मिळालं, 1840 मध्ये राजसनद मिळाली आणि कंपनी पूर्वेकडे सरकत मुंबईला पोचली. मराठी वाचकाला हे नाव परकं वाटायचं कारण नाही. 1910 च्या जुलैत मार्सेलिसला सावरकरांनी ज्या ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली ती पी अँड ओची. 1931 मध्ये गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी ज्या ‘राजपुताना’ बोटीने गेले तीही पी अँड ओचीच.

पण डोव्हरची फेरी ही त्या घराण्याची सख्खी मुलगी नव्हे. ती उशिरा दत्तक आली. मूळ धंदा स्टुअर्ट टाउनसेंड या निवृत्त लष्करी कप्तानाचा. खाडीपलीकडे मोटार न्यायची तर रेल्वे कंपन्यांचे दर अवाच्या सवा होते, शिवाय टाकीतलं पेट्रोल काढून टाकावं लागे. 1928 साली टाउनसेंडने ‘आर्टिफिसर’ नावाची कोळशाची बोट भाड्याने घेतली आणि पंधराएक गाड्या क्रेनने उचलून तिच्यात ठेवायला सुरुवात केली. रेल्वेला धडा शिकवून दर खाली आणायला लावावे, हा मूळ हेतू. धंदा नंतर जमला. 1930 मध्ये सुरुंग काढणारी जुनी नौदलाची बोट विकत घेऊन तिचं नाव ‘फोर्ड’ ठेवलं. हे नाव मोटारीवरून ठेवलेलं नाही, स्पेलिंगही वेगळं आहे.

1962 मध्ये ‘फ्री एंटरप्राइज’ आली. नावातच मुक्त उद्योगाचा झेंडा. समोर सरकारी रेल्वेच्या बोटी होत्या, त्यामुळे हा टोमणा कोणाला आहे हे सगळ्यांना कळत होतं. 1964 मध्ये थोरेसन या नॉर्वेजियन मंडळींनी साउथॅम्प्टनहून अशी बोट आणली की गाडी मागून आत शिरावी आणि पुढून बाहेर पडावी. नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग दारासारखा उघडणारा. वरवर छोटी गोष्ट, पण धक्क्यावरचा वेळ एकदम कापला गेला. 1968 मध्ये टाउनसेंड आणि थोरेसन एकत्र आले, ‘युरोपियन फेरीज’ झाली आणि पुढची वीसेक वर्षं केशरी रंगाच्या त्या बोटी खाडीवर राज्य करत होत्या.

त्याच काळात पी अँड ओच्याही खाडीवर काही फेऱ्या होत्या, पण तोट्यात. जानेवारी 1985 मध्ये त्यांनी त्या युरोपियन फेरीजलाच 1.25 कोटी पौंडांना विकून टाकल्या आणि बरोबर दोन वर्षांनी, जानेवारी 1987 मध्ये, सबंध युरोपियन फेरीज विकत घेतली. जे विकलं तेच ज्याला विकलं त्याच्यासकट परत घेतलं. मार्चमध्ये झेब्रुग घडलं.

झेब्रुग

‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही डोव्हर-कॅले मार्गासाठी 1980 मध्ये बांधलेली बोट. त्या दिवशी, 6 मार्च 1987 ला, ती बेल्जियममधल्या झेब्रुगला गेली होती. तिथला धक्का तिच्यासाठी बांधलेला नव्हता. वरच्या मजल्यावर गाड्या चढवायच्या तर उतरंडीची पातळी जुळेना, म्हणून नाळेकडच्या, बोटीचा तोल साधण्यासाठी असलेल्या बॅलास्ट टाक्यांत पाणी भरून बोटीचं नाक खाली दाबावं लागे. ते पाणी उपसायला वेळ लागतो, कारण पंप मंद. मोठ्या पंपाची मागणी झाली होती; पंचवीस हजार पौंड फार झाले म्हणून ती नाकारली गेली. थोडक्यात, बोट निघाली तेव्हा तिचं नाक अजून खालीच होतं.

आणि दार उघडं होतं.

दार बंद करण्याचं काम साहाय्यक बोसनचं; बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. तो साफसफाई आटोपून केबिनमध्ये झोपला होता, निघण्याची घोषणा झाली तरी जागा झाला नाही. खुद्द बोसनने दार उघडं असलेलं पाहिलं होतं, पण ते लावणं त्याच्या कामात बसत नव्हतं. गाड्या चढवण्यावर देखरेख करणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याला वाटलं की दार लावणारा माणूस येतो आहे, आणि त्याला स्वतःला त्याच वेळी वर ब्रिजवर, म्हणजे बोट चालवण्याच्या खोलीत, हजर असायचं होतं. एका माणसाला एकाच घटकेला दोन ठिकाणी उभं करणारा हा आदेश कागदावर होता. कप्तानाला ब्रिजवरून नाळेचं दार दिसत नव्हतं. कोणी येऊन ‘अडचण आहे’ असं सांगितलं नाही तर सगळं ठीक समजायचं, अशी त्या बोटीवरची पद्धत. कोणी आलं नाही.

ब्रिटिश वेळेनुसार सायंकाळी सहाच्या ऐवजी सहा वाजून पाच मिनिटांनी बोट निघाली. बंदराबाहेर येऊन तिने वेग घेतला, नाळेपाशी लाट उंचावली आणि उघड्या दारातून पाणी थेट गाड्यांच्या डेकवर आलं. अशा बोटीचा गाडी-डेक म्हणजे एक अखंड सपाट दालन, मध्ये भिंत नाही, कारण भिंत घातली तर ट्रक सरळ बाहेर कसा पडणार? परातीत दोन बोटं पाणी घेऊन चालून पाहावं: परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. बोटीचं तेच झालं. दीडेक मिनिटात ती आडवी झाली. वाळूच्या उथळ दांड्यावर पडली म्हणून अर्धी पाण्यावर राहिली, नाहीतर मृतांचा आकडा आणखी मोठा झाला असता. 539 जण होते, 193 गेले. त्यातले बरेच प्रवासी एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या एक पौंडाच्या सहलीचे होते. एक पौंडात माणूस खाडीपार नेऊन परत आणणं कंपनीला कसं परवडत होतं, ते पुढे येईल.

न्यायमूर्ती बॅरी शीन यांच्या चौकशीत जे कागद बाहेर आले ते वाचताना दार उघडं राहिल्याचं आश्चर्य वाटेनासं होतं. ‘हेरल्ड’ची बहीण ‘प्राइड’ 1983 मध्येच उघड्या दाराने निघाली होती. 1985 मध्ये एका कप्तानाने लेखी मागणी केली की दार बंद आहे की उघडं, हे दाखवणारा दिवा ब्रिजवर बसवा. तो कागद कार्यालयात फिरला आणि त्यावर शेरे पडले. एकाचा आशय असा: दार लावणारा जागा आणि शुद्धीवर आहे की नाही हे सांगायलाही दिवा पाहिजे का? दुर्घटनेनंतर काही दिवसांतच उरलेल्या दोन बोटींवर दिवे बसले.

दुसरा कागद ऑगस्ट 1986 चा, झेब्रुगच्या व्यवस्थापकाचा. अधिकारी पुरेशी घाई करत नसेल तर त्याच्यावर दबाव टाका, झेब्रुगहून उशिरा निघणं चालणार नाही, आपल्याला पंधरा मिनिटं लवकर निघायचं आहे, असा त्याचा मजकूर. पंधरा मिनिटं लवकर म्हणजे वेळापत्रकाच्याही आधी. डोव्हरला पोचताना झालेला उशीर भरून काढायचा तर तो इथे कापायचा. हा मनुष्य दुष्ट होता असं मला वाटत नाही. त्याला धंद्याचं गणित नीट कळलं होतं, एवढंच.

‘वरपासून खालपर्यंत ही कंपनी ढिलाईच्या रोगाने ग्रासलेली होती,’ या अर्थाचं शीन यांचं वाक्य नंतर जगभरच्या नौवहन अभ्यासक्रमांत गेलं. मला ‘ढिलाई’ हा शब्द अपुरा वाटतो. ढिलाई असती तर वेळाबाबतही दिसली असती. वेळाच्या बाबतीत ही कंपनी काटेकोर होती.

कंपनीचं डोकं

ऑक्टोबर 1987 मध्ये टाउनसेंड थोरेसन हे नाव पुसून ‘पी अँड ओ युरोपियन फेरीज’ झालं. केशरी रंगावर निळा चढला. ‘हेरल्ड’ दुसऱ्या नावाने भंगारात गेली.

फौजदारी खटला 1990 मध्ये उभा राहिला. कंपनी आणि सात जणांवर सदोष मनुष्यवधाचा आरोप. कंपनीवर असा आरोप ठेवता येतो, हे न्यायमूर्ती टर्नर यांनी मान्य केलं आणि इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासात ती मोठी पायरी ठरली. पण ठेवता येणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं. त्या वेळच्या नियमाप्रमाणे कंपनी दोषी ठरायची तर तिच्या वरच्या थरातला एखादा माणूस स्वतः दोषी ठरायला हवा. कंपनीचं डोकं म्हणता येईल असा. इथे दोष सगळीकडे थोडाथोडा सांडलेला होता. साहाय्यक बोसनमध्ये, मुख्य अधिकाऱ्यात, कप्तानात, दिव्याच्या मागणीवर शेरा मारणाऱ्यात. संचालक मंडळात सुरक्षा नेमकी कोणाकडे, याला सरळ उत्तर नव्हतं. जबाबदारी कोणा एकाची नाही, म्हणून दोष कोणा एकाचा नाही, म्हणून कंपनी निर्दोष. खटला मध्येच संपला.

याचे पडसाद मात्र लांब गेले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 1993 मध्ये सुरक्षा-व्यवस्थापनाची जी संहिता स्वीकारली, ती प्रवासी बोटींना 1998 पासून बंधनकारक झाली. तीत एक अट आहे: प्रत्येक कंपनीने किनाऱ्यावर एक माणूस नेमायचा, ज्याला थेट वरिष्ठतम व्यवस्थापनाकडे जाता येईल. आज मुंबईतल्या कुठल्याही नौवहन कंपनीत हे पद असतं. ब्रिटनमध्ये 2007 साली कंपन्यांच्या सदोष मनुष्यवधाचा स्वतंत्र कायदा झाला. त्यात एकच दोषी डोकं शोधायची अट राहिली नाही, वरिष्ठ व्यवस्थापनाने कारभार कसा चालवला हे पाहिलं जातं.

या खटल्याच्याही आधी, झेब्रुगला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, डोव्हरमध्ये दुसरी गोष्ट चालू होती. इंग्लंड-फ्रान्स जोडणाऱ्या, खाडीखालच्या रेल्वे बोगद्याचं काम सुरू झालं होतं आणि तो उघडेल त्या दिवसासाठी कंपनीला खर्च आधीच खाली आणायचा होता. कमी माणसं, लांब पाळ्या. खलाशांच्या युनियनने फेब्रुवारी 1988 मध्ये संप केला. कंपनीने संपकऱ्यांना कामावरून काढलं, बोटी इतर माणसांवर चालवल्या, न्यायालयाने युनियनची मालमत्ता गोठवली. दमलेल्या माणसांमुळे अपघात होतात हे युनियनचं म्हणणं झेब्रुगनंतर तरी ऐकलं जाईल अशी आशा होती. ती फोल ठरली. 2022 मध्ये, 786 जणांना काढल्यावर, अनेकांनी ‘दुबईच्या मालकांनी ब्रिटिश परंपरा मोडली’ असा सूर लावला, त्यांनी हा संप आठवायला हवा होता. 1988 चे मालक अस्सल ब्रिटिश होते.

बोगदा आणि बाटली

6 मे 1994 ला खाडीखालच्या बोगद्याचं उद्घाटन झालं. गाडीसकट रेल्वेत बसा, पस्तीस मिनिटांत पलीकडे. दीड तासाच्या बोटीने इथेच मान टाकायला हवी होती. ती टाकली नाही, कारण बोट हा धंदा वाहतुकीचा नव्हताच, निदान पूर्ण नव्हता. तो तरंगत्या दुकानाचा होता.

एक पौंडाच्या तिकिटाचं उत्तर इथे आहे. समुद्रावर कर नाही. व्हिस्की, सिगारेट, अत्तर शुल्कमुक्त विकायचं आणि गिऱ्हाइकाला जवळजवळ फुकटात बोटीवर आणायचं. तिकीट हे दुकानात शिरण्याचं निमित्त. युरोपच्या 1993 च्या एकसंध बाजारपेठेनंतर ब्रिटिश माणूस कॅलेच्या दुकानांतून स्वतःपुरती दारू गाडी भरून आणू लागला, त्यानेही बोटी भरल्या. युरोपीय संघाने अंतर्गत प्रवासावरची शुल्कमुक्त विक्री 1 जुलै 1999 पासून बंद केली, तेव्हा फेरी कंपन्यांच्या पायाखालची फळी गेली. बोगदा आला तेव्हा ग्राहक विभागला गेला. शुल्कमुक्ती गेली तेव्हा नफा गेला. दुसरा फटका मोठा, पण त्याची आठवण कोणी काढत नाही.

1998 मध्ये पी अँड ओने प्रतिस्पर्धी स्टेनाशी साठ-चाळीस भागीदारी केली, 2002 मध्ये तिचा वाटा विकत घेतला. स्वस्त विमानांनी लांबच्या मार्गांचे प्रवासी पळवले. 2004 मध्ये बाराशे नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली, पोर्ट्समथहून फ्रान्सला जाणाऱ्या फेऱ्या बंद पडल्या. दरम्यान क्रूझचा धंदा आधीच वेगळा काढून दिला होता. आज ‘पी अँड ओ क्रूझेस’ या नावाचा फेरी कंपनीशी काही संबंध नाही, आणि 2022 मध्ये तसे खुलासे करता करता त्यांच्या नाकी नऊ आले.

2006 मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने अख्खी पी अँड ओ सुमारे 3.9 अब्ज पौंडांना घेतली. त्यांना हवी होती बंदरं. फेरी सोबत आली. याच सौद्यात न्हावाशेवाचं पी अँड ओकडे असलेलं कंटेनर टर्मिनलही दुबईकडे गेलं, म्हणजे डोव्हरच्या बोटी आणि उरणसमोरच्या क्रेन एकाच दिवशी एका मालकाच्या झाल्या. फेरीचा धंदा नंतर मूळ सरकारी कंपनी दुबई वर्ल्डकडे ठेवला गेला आणि 2019 मध्ये डीपी वर्ल्डने तो 32.2 कोटी पौंडांना पुन्हा स्वतःकडे घेतला. मुहूर्त इतका वाईट की पुढच्याच वर्षी करोना.

786

2020 मध्ये प्रवासी आटले. कंपनीने अकराशे नोकऱ्या कमी करणार असल्याचं सांगितलं. 2021 च्या आरंभी इंग्लंडमधल्या हलहून झेब्रुगला जाणारा मार्ग बंद. ब्रेक्झिटमुळे कागदपत्रं वाढली, पण शुल्कमुक्त दुकान परत मिळालं. दैवाचा असा विनोद क्वचितच होतो. मग जून 2021 मध्ये आयरिश फेरीज डोव्हर-कॅले मार्गावर उतरली. तिच्या बोटींवर सायप्रसचा झेंडा, म्हणजे नोंदणी तिथली, आणि एजन्सीमार्फत आणलेले स्वस्त खलाशी. पी अँड ओचे खलाशी स्थानिक, युनियनचे, ठरावीक दिवस काम आणि तितकीच सुटी, तीही पगारी. दोन्ही बोटी शेजारी शेजारी धक्क्याला, ट्रकवाल्याला दोन्ही सारख्याच. कंपनीचा दावा होता की वर्षाला दहा कोटी पौंड तोटा होतो आहे. मी तो खोटा मानत नाही.

17 मार्च 2022 च्या सकाळी सगळ्या बोटींना बंदरात थांबायचा आदेश गेला. खलाशांना आधी मुद्रित करून ठेवलेली काही मिनिटांची चित्रफीत दाखवली गेली: तुमची पदं तात्काळ रद्द झाली आहेत, आजचा तुमचा शेवटचा दिवस. 786 जण. धक्क्यावर सुरक्षारक्षक आणि बसमधून आणलेले नवे खलाशी थांबलेले. हलला ‘प्राइड ऑफ हल’च्या कप्तानाने शिडीच वर ओढून घेतली आणि काही तास कोणाला बोटीवर येऊ दिलं नाही.

आठवड्याभरात, 24 मार्चला, मुख्य कार्यकारी अधिकारी पीटर हेबलथ्वेट संसदेच्या समितीसमोर बसले. इतक्या मोठ्या कपातीआधी युनियनशी सल्लामसलत कायद्याने बंधनकारक होती का? होती, यात शंका नाही. मग का केली नाही? कारण कुठलीच युनियन हे मान्य करणार नाही हे माहीत होतं, म्हणून न करायचं ठरवलं. पुन्हा वेळ आली तर? पुन्हा हेच करू. नव्या खलाशांना तासाला सरासरी साडेपाच पौंड मिळणार होते. ब्रिटनचं किमान वेतन तेव्हा 8.91 पौंड होतं, पण परदेशी झेंड्याच्या, आंतरराष्ट्रीय मार्गावरच्या बोटीला ते लागू नव्हतं.

1990 मध्ये न्यायालयाला कंपनीचं डोकं सापडत नव्हतं. इथे ते स्वतःहून टेबलापलीकडे येऊन बसलं होतं आणि आम्ही जाणूनबुजून कायदा मोडला असं सांगत होतं. तरी शिक्षा शून्य. कशी?

सल्लामसलत न करणं हा ब्रिटिश कायद्यात गुन्हा नाही. त्याची शिक्षा म्हणजे भरपाई, आणि त्या भरपाईला तेव्हा मर्यादा होती: माणशी जास्तीत जास्त नव्वद दिवसांचा पगार. म्हणजे कायदा मोडण्याची किंमत आधीच छापलेली. कंपनीने ती हिशेबात धरून, वर काही घालून, सुमारे 3.65 कोटी पौंडांचा देकार ठेवला, बोलायचं नाही या अटीवर. एक सोडून सगळ्यांनी तो घेतला. घर चालवायचं असलेल्या माणसाने दुसरं काय करावं? फौजदारी गुन्हा होतो तो सरकारला आगाऊ कळवलं नाही तर. पण 2018 च्या दुरुस्तीनंतर परदेशी झेंड्याच्या बोटींबाबत ही सूचना झेंड्याच्या देशाला द्यायची होती. सायप्रस, बहामा, बर्म्युडा या देशांना पत्रं गेली, तीही त्याच दिवशी. ऑगस्ट 2022 मध्ये तपास यंत्रणेने फौजदारी खटला भरणार नसल्याचं जाहीर केलं.

संतापाच्या त्या लाटेत एक गोष्ट सांगायची राहून गेली. पी अँड ओला स्वस्त खलाशी नवे नव्हते. टपालबोटींच्या काळात तिच्या डेकवर कोकण-गुजरातचे खलाशी, भट्टीपाशी पंजाबी-पठाण, भोजनगृहात गोव्याचे लोक असत, सारंगाच्या हाताखाली, वेगळ्या करारावर, गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या छोट्याशा हिश्शावर. शंभर वर्षं ही व्यवस्था फारशा कोणाला खटकली नाही, कारण ती सुएझच्या पलीकडची समजली जात होती. 2022 मध्ये ती डोव्हरच्या धक्क्यावर आली, एवढाच फरक. नव्या खलाशांत भारतीयही होते. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता आणि डोव्हरच्या बहुतेक खलाशांनी, त्यांचं कौतुक म्हणून सांगतो, तो काढलाही नाही.

धंद्याच्या दृष्टीने सौदा लगेच फळला असंही नाही. नव्या माणसांना बोटी माहीत नव्हत्या. ‘युरोपियन कॉजवे’ 25 मार्चला उत्तर आयर्लंडमधल्या लार्नला सागरी तपासनीसांनी अडकवली, मग डोव्हरला ‘प्राइड ऑफ केंट’, मग ‘स्पिरिट ऑफ ब्रिटन’. डोव्हर-कॅले मार्ग एप्रिलअखेरपर्यंत बंद राहिला, ईस्टरची गर्दी हातची गेली. सुटलेली ‘कॉजवे’ महिन्याभरात भर समुद्रात वीज जाऊन काही काळ तरंगत राहिली. दहा कोटी वाचवायला निघालेल्या कंपनीने पहिले सहा आठवडे धक्क्यावर बोटी बांधून ठेवल्या.

त्यानंतर

मार्च 2023 मध्ये ब्रिटनने खलाशांच्या वेतनाचा कायदा केला: वर्षातून 120 वेळा ब्रिटिश बंदराला लागणाऱ्या बोटीवर, ब्रिटिश हद्दीत असेपर्यंत, किमान वेतनाइतका पगार. तो लागू व्हायला डिसेंबर 2024 उजाडलं. फ्रान्सनेही 2023 च्या जुलैत आपला कायदा केला. दोन्हींच्या मधल्या काळात, मे 2024 मध्ये, हेबलथ्वेट पुन्हा संसदेच्या समितीपुढे आले. सर्वांत कमी दर तासाला सुमारे 4.87 पौंड असल्याचं त्यांनी मान्य केलं. एवढ्यात तुम्ही जगू शकाल का, या प्रश्नावर नाही म्हणाले. त्यांची स्वतःची वर्षाची मिळकत तेव्हा बोनससकट पाच लाख पौंडांवर होती. 2025 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पद सोडलं.

ऑक्टोबर 2024 मध्ये नव्या मजूर सरकारच्या परिवहनमंत्री लुईस हेग पी अँड ओ फेरीजला बदमाश कंपनी म्हणाल्या. त्यानंतर काही दिवसांतच सरकारची गुंतवणूक परिषद होती. डीपी वर्ल्ड तिथे लंडन गेटवे बंदरातली एक अब्ज पौंडांची गुंतवणूक जाहीर करणार होती, ती आता करणार नाही अशी बातमी आली. पंतप्रधानांनी मंत्रिणीच्या शब्दांपासून अंतर राखलं. डीपी वर्ल्ड परिषदेला आली, अब्जही आले.

दरम्यान जून 2023 मध्ये डोव्हर-कॅले मार्गावर ‘पी अँड ओ पायोनियर’ सुरू झाली, तिच्यामागून ‘लिबर्टे’. चीनमध्ये ग्वांगजौला बांधलेल्या, बॅटरीची जोड असलेल्या, 230 मीटर लांबीच्या. तेल पुष्कळ वाचतं, आणि बोटी खरोखर देखण्या आहेत. दोन्ही टोकं सारखी, दोन्ही टोकांना ब्रिज, त्यामुळे बंदरात वळून घ्यावं लागत नाही. गाड्या उतरतात, नव्या चढतात, कप्तान चालत दुसऱ्या टोकाच्या ब्रिजवर जातो आणि बोट आली तशीच उलटी निघते. दर खेपेला काही मिनिटं वाचतात.